आधी तिथी बघा, मग बोट: ठाणे-नवी मुंबईतून अर्ध्या दिवसाच्या पाण्यावरच्या सहली, पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

भिंतीवरचं कॅलेंडर काढा आणि ज्या रविवारी जायचं म्हणताय त्या चौकोनात तिथी काय आहे ते बघा. तिकीट, कोण कोण येणार, डबा काय न्यायचा हे सगळं त्याच्यानंतर. आपण ठाण्या-नवी मुंबईची माणसं खाडीच्या काठावर राहतो, रोज ऐरोलीच्या नाहीतर वाशीच्या पुलावरून ये-जा करतो, ट्रेनच्या दारातून पाणी बघतो, पण त्या पाण्यावर बसून गेलेली माणसं आपल्यात फार कमी, आणि जी जातात ती पहिल्या खेपेला हमखास एकाच गोष्टीत अडकतात, ती म्हणजे भरती-ओहोटी. तलाव सोडले तर आपल्याकडचं सगळं पाणी चढतं-उतरतं आणि ते थोडंथोडकं नाही, मोठ्या उधाणाला चार मीटरच्या वर फरक पडतो, म्हणजे एका मजल्यापेक्षा जास्त. सकाळी जिथे बोट लागली तिथे दुपारी नुसता चिखल असतो.

मला हे मोऱ्याच्या धक्क्यावर कळलं. आई, माझी भाची आणि मी, सकाळी सहाला गाडी काढली, सातला उरणजवळच्या मोरा बंदरात हजर, भाऊच्या धक्क्याला लाँचने जायचं, तिथून मासळी बघायची आणि दुपारी परत, असा प्लॅन. पोचलो तर लाँच नाही. धक्क्यावर जाळं विणत बसलेले एक काका म्हणाले, "पानी सुकलाय, आता नाय लागनार, नऊ-साडेनऊशिवाय काय खरं नाय." आदल्या दिवशी पौर्णिमा होती, म्हणजे मोठं उधाण, आणि मोऱ्याला गाळ इतका साचतो की मोठ्या ओहोटीला लाँच धक्क्याला येऊच शकत नाही. अडीच तास बसलो. भाचीने त्या वेळात चिखलातले निवटे मोजले, मासा असून पाण्याबाहेर उड्या मारत फिरतो हे तिला खरंच वाटेना, पंखांवर रेलून असा मान वर करून बघतो तो, डोळे डोक्याच्या वर बटणासारखे. तिला मजा आली पण आईचे पाय सुजले, आणि ते माझ्यामुळे, कारण मी वार बघितला आणि तिथी बघितली नाही.

भरतीचा हिशोब

कोळीवाड्यात पिढ्यान्पिढ्या चालत आलेला हिशोब आहे, तोंडपाठ करून ठेवा. तिथीचा जो आकडा असेल त्याची पाऊणपट करायची, जे येईल तेवढ्या वाजता साधारण पूर्ण भरती, एकदा दिवसा एकदा रात्री. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीन आणि पहाटे तीन. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्या पंधरा धरायची, म्हणजे सव्वाअकरा. आणि भरतीपासून सव्वासहा तासांनी पाणी सगळ्यात खाली, मग परत सव्वासहा तासांनी वर. त्या दिवशी आमची प्रतिपदा होती, एकाची पाऊणपट पाऊण, म्हणजे दुपारी पाऊण वाजता भरती, त्याच्या आधीचे सव्वासहा तास मोजले की सकाळी साडेसहाला पाणी तळाला, आणि आम्ही सातला तिथे उभे! दोन मिनिटांचा हिशोब होता.

हा अंदाज आहे हं, मिनिटाच्या हिशोबाने चालत नाही, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरायचा, आणि हा मुंबई बंदराकडचा हिशोब, तिथून आत ऐरोली-ठाण्यापर्यंत पाणी चढायला अजून वेळ लागतो. मोबाईलवर भरतीचे तक्ते मिळतात, त्यात किती मीटर चढणार तेही असतं, जायच्या आदल्या रात्री ते बघाच. पण तिथीचा हिशोब डोक्यात असला की महिनाभर आधी घरात बसून रविवार ठरवता येतो.

दुसरं, उधाण आणि भांग. पौर्णिमा-अमावास्या आणि त्याच्या पुढचे दोन-तीन दिवस उधाणाचे, पाणी खूप वर आणि खूप खाली, मधल्या वेळात प्रवाह जोरात. अष्टमी-नवमीच्या आसपास भांग, तेव्हा पाणी फार चढतही नाही आणि फार सुकतही नाही, प्रवाह मऊ असतो. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी, लहान मुलं किंवा वयस्कर माणसं बरोबर असतील त्यांनी तर नक्कीच, भांगाचे दिवस धरावेत असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि वारा. शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे होते ना, ते इथे लागतात. दुपारनंतर समुद्राकडून खारा वारा सुटतो आणि सकाळी काचेसारखं असलेलं पाणी तीन वाजता खडबडीत होतं, त्यात प्रवाह एका बाजूने आणि वारा समोरून असला तर छोटी बोट चांगलीच आदळते. म्हणून शक्यतो सकाळ, अकरा-बाराच्या आत मुख्य फेरी झालेली बरी.

पहिली पायरी तलावावर

एकदम खाडीत जाऊ नका. आपल्याला तलावांच्या शहराचं शेजार आहे त्याचा उपयोग करा. ठाणे स्टेशनवरून चालत दहा-पंधरा मिनिटांवर मासुंदा तलाव म्हणजे आपली तलावपाळी, एका बाजूला कौपिनेश्वराचं देऊळ, एका बाजूला गडकरी रंगायतन, आणि मध्ये बोटी. येऊरच्या पायथ्याशी उपवन आहे, तिथे मागे डोंगर असल्यामुळे सकाळी जास्त शांत वाटतं. इथे भरती नाही, प्रवाह नाही, काठ सगळीकडून दिसतो. नवख्या माणसाला पाण्यावर बसल्यावर आपलं शरीर काय करतं हे कळायला यापेक्षा चांगली जागा नाही, आणि पंधरा मिनिटांत कळतं की घरातलं कोण घाबरतं, कोण उगाच उभं राहतं, कोणाला डुलणं सहन होत नाही. हे खाडीच्या मध्यावर कळण्यापेक्षा इथे कळलेलं बरं.

बोटीत चढायचं कसं, तर काठावरून उडी मारायची नाही आणि बोटीच्या कडेवर पाय द्यायचा नाही. एक हात धक्क्याला किंवा बोटवाल्या दादाच्या हातात, पहिला पाय बोटीच्या बरोब्बर मध्ये, लगेच खाली बसायचं, मग दुसऱ्याने यायचं. एका वेळी एकच माणूस. उतरतानाही तसंच, आणि उतरताना लोक जास्त पडतात कारण घाई होते, बोट धक्क्याला टेकली की सगळे एकाच बाजूला उभे राहतात.

पॅडल बोट असेल तर वजन बघून बसा. एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला आठ वर्षांची भाची असं बसलो की बोट तिरकी होते आणि सारखी एकाच बाजूला वळत राहते. मध्ये जो दांडा असतो तो सुकाणूचा, नवीन माणूस तो एकदम टोकापर्यंत ओढतो, बोट वळत नाही म्हणून अजून ओढतो, आणि मग ती वळायला लागली की थांबत नाही. दांडा दोन बोटं हलवा, पाय चालू ठेवा, आणि दोन श्वास थांबा. बोट उशिरा ऐकते पण ऐकते. तेवढं जमलं की बोटीचा अर्धा स्वभाव कळला. थांबवायची असेल तर उलटं पॅडल मारायचं, धक्क्याच्या वीस-पंचवीस फूट आधीपासून.

लाईफ जॅकेटवर जरा जास्त बोलते

कारण आपल्याकडे ते गळ्यात अडकवून बक्कल न लावता फोटो काढायची पद्धत आहे आणि मला ते बघवत नाही. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या फेरीबोटीला नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसली, पाण्यावर शांत दुपार होती, वादळ नव्हतं काही नव्हतं, आणि तरी माणसं गेली, लहान मुलं गेली. त्यानंतर प्रवाशांना जॅकेट सक्तीचं केलं. पोहता येतं म्हणून जॅकेट नको असं म्हणणारे घरात असतातच, माझे बाबा त्यातले, त्यांना एवढंच सांगते की बोट उलटते तेव्हा डोक्याला काय लागेल, अंगावर कोण पडेल हे आपल्या हातात नसतं.

घालायचं असं. आधी साईज बघा, मोठ्यांचं जॅकेट लहान मुलाला चालत नाही, ते मूल त्यातून खाली घसरतं. सगळी बक्कलं लावा, टिक असा आवाज आला पाहिजे. मग बाजूचे पट्टे ओढून घट्ट करा, श्वास घेता येईल इतपत. आणि आता परीक्षा: दोन्ही हात वर करा आणि बरोबरच्याला सांगा की खांद्यावरून धरून जॅकेट वर ओढ. ते कानापर्यंत आलं तर सैल आहे, परत पट्टे ओढा. मुलांच्या जॅकेटला पायांच्या मधून जाणारा पट्टा असेल तर तो लावाच. भाचीला मी हे घरीच शिकवलं, आता ती मला म्हणते आत्या हात वर कर, आणि माझं ओढून बघते. तुटलेलं बक्कल, फाटलेली शिवण दिसली तर दुसरं मागायचं, लाजायचं नाही. जॅकेट नाहीच म्हणाले तर त्या बोटीत बसू नका, पैसे गेले तर गेले.

बोटीवर किती माणसं घ्यायची परवानगी आहे तो आकडा लिहिलेला असतो, तोही बघायचा. शेवटच्या फेरीला गर्दी होते तेव्हा विशेष करून. आणि फोनमध्ये दोन नंबर सेव्ह करा: कोस्ट गार्डचा १५५४ आणि नेहमीचा ११२.

दुसरी पायरी, खाडी: ऐरोलीची फ्लेमिंगो सफर

तलाव झाला की खाडी, आणि खाडीत पहिल्यांदा जायचं तर वनविभागाच्या बोटीनेच जा. ऐरोलीला किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे, कांदळवन कक्षाचं, तिथून बोटी निघतात. ऐरोलीच्या पुलापासून वाशीच्या पुलापर्यंतचा हा खाडीचा पट्टा २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला, १६९० हेक्टर, आणि २०२२ मध्ये रामसर यादीत आला, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांमध्ये आपली ही वासाची म्हणून नाकं मुरडली जाणारी खाडी आहे. मला याचा फार अभिमान वाटतो आणि तो लपवायचं काही कारण नाही.

इथे फेरीची वेळ ठरलेली नसते, रोज पाण्याप्रमाणे बदलते. बोट निघायला पाणी लागतं, आणि पक्षी मात्र चिखल उघडा पडला की खायला उतरतात. पूर्ण भरतीला गेलात तर बोट मस्त चालेल पण फ्लेमिंगो कमी दिसतील, कारण तेव्हा ते नेरूळकडच्या पाणथळ जागांवर जाऊन विसावतात. पूर्ण ओहोटीला बोटच निघणार नाही. मधला जो वेळ, पाणी उतरायला लागलंय, चिखलाच्या कडा दिसायला लागल्यात पण बोटीपुरतं पाणी आहे, तो सोन्यासारखा. केंद्रवाले त्या हिशोबानेच फेऱ्या लावतात, म्हणून आधी तारीख न ठरवता आधी त्यांच्या फेऱ्यांच्या वेळा बघा आणि त्यातली आपल्याला जमणारी घ्या, बुकिंग आधी करा, सीझनच्या शनिवार-रविवारी ऐनवेळी जागा मिळणं कठीण. सीझन म्हणजे साधारण नोव्हेंबर-डिसेंबर ते मे, पण मला विचाराल तर फेब्रुवारी-मार्च, थंडीही सरत आलेली असते आणि पक्षी भरपूर.

बोटीत बसल्यावर पहिली दहा मिनिटं दोन्ही बाजूंना तिवरं. नुसती हिरवी भिंत म्हणून बघू नका. चिखलातून पेन्सिली उभ्या केल्यासारखं वर आलेलं दिसतं ती त्यांची मुळं, चिखलात हवा नसते म्हणून झाड मुळं वर काढून श्वास घेतं. पान जवळून दिसलं तर मागच्या बाजूला बारीक मिठाचे कण असतात, झाड जास्तीचं मीठ पानातून बाहेर टाकतं. खंड्या, बगळे, लांब गुलाबी पायांचा शेकाट्या, घिरट्या घालणारी ब्राह्मणी घार, हे सगळं फ्लेमिंगोच्या आधी येतं आणि लोक फ्लेमिंगो कुठे फ्लेमिंगो कुठे करत हे सोडून देतात.

मग लांबवर चिखलावर फिकट गुलाबी रेघ दिसते. जवळ जाता जाता त्या रेघेचे पाय होतात. दोन जातीचे असतात, मोठा रोहित उंच आणि जास्त पांढरा, चोच गुलाबी आणि फक्त टोक काळं, आणि छोटा रोहित बुटका, गडद गुलाबी, चोच जवळजवळ काळपट लाल. आपल्याकडे छोटे जास्त. मान खाली घालून चोच उलटी करून पाण्यातून चाळणीसारखं शेवाळ गाळून खातात, त्या शेवाळातल्या रंगद्रव्यानेच ते गुलाबी होतात, पिल्लू असताना राखाडी असतात. दुर्बीण असेल तर न्या, नसेल तर कोणाची तरी मागून न्या. आणि बोटवाल्याला अजून जवळ घ्या, त्यांना उडवा म्हणू नका. असं म्हणणारे प्रत्येक फेरीत एक-दोन असतात. हजारो मैल वगैरे राहू दे, कच्छहून आलेला तो पक्षी दिवसभर चिखल चाळून पोट भरतो, आपल्या रीलसाठी त्याला उठवायचं नाही.

खाडीच्या सफरीला कपड्यांचं एक सांगते. जीन्स नको, भिजली की वाळत नाही आणि जड होते. मागून पट्टा असलेले फ्लोटर्स घाला, साधी चप्पल चिखलात एकदा रुतली की राहिली तिथेच. टोपीला दोरी, चष्म्याला दोरी. आई साडीवर आली होती, तिला मी पदर खोचायला आणि निऱ्या घोट्याच्या वर घ्यायला सांगितलं, बाकी काही अडचण आली नाही, उलट उन्हात पदर डोक्यावरून घेऊन तीच सगळ्यात आरामात होती.

तिसरी पायरी, लाँच

आता जरा उघड्या पाण्यावर. यात माझी सगळ्यात लाडकी म्हणजे करंजा-रेवस. १२ जानेवारी २०२४ पासून लोकल उरणपर्यंत जायला लागली तेव्हापासून हे फारच सोपं झालं, नेरूळ किंवा बेलापूरहून उरण लोकल, उरण स्टेशनहून रिक्षाने करंजा, द्रोणागिरीच्या डोंगराच्या कुशीतलं कोळ्यांचं गाव, आणि तिथून लाँचने धरमतरच्या खाडीचं तोंड ओलांडून पलीकडे रेवस, म्हणजे अलिबाग तालुका. पाण्यावरचा वेळ पंधरा-वीस मिनिटांचा. रस्त्याने जायचं म्हटलं तर पेण-वडखळ करत केवढा वळसा. लाँचमध्ये टूरिस्ट जवळपास नसतात, मासळीच्या पाट्या घेऊन बसलेल्या मावश्या, कॉलेजची मुलं, कोणाच्या तरी लग्नाला निघालेलं कुटुंब. पलीकडे उतरून रेवसला चहा-वडापाव खाऊन पुढच्या लाँचने परत आलात तरी सकाळ वसूल. तिथे पुलाचं काम सुरू झालंय, तो झाला की लाँचचं काय होईल कोण जाणे, म्हणून अजून चालू आहे तोवर जाऊन या असं मी सगळ्यांना सांगते.

गाळ तिथेही आहे, मोठ्या ओहोटीला खोळंबा होतो, म्हणून वर सांगितलेला हिशोब इथेही लावा. आणि परतीच्या शेवटच्या लाँचची वेळ जातानाच, तिकीट काढतानाच विचारून घ्या, दोन माणसांना विचारा, त्याच्या आधीच्या लाँचने परत यायचं ठरवा. शेवटची लाँच ही आपली नाही असं समजून चाला.

ठाणे, घोडबंदरच्या लोकांना उरण लांब पडतं, त्यांच्यासाठी भाईंदर-वसई रो-रो आहे, फेब्रुवारी २०२४ पासून. घोडबंदर रोडने भाईंदरला जा, स्कूटर बोटीत चढवा, पंधरा मिनिटांत वसई किल्ल्याच्या जेट्टीवर. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये जिंकलेला तो किल्ला पाण्याच्या बाजूने दिसतो तेव्हा कळतं की पोर्तुगीजांनी तो तिथेच का बांधला. गाडी चढवताना इंजिन बंद, साईड स्टँडवर न ठेवता डबल स्टँडवर, आणि आपण गाडीवर बसून न राहता उतरून उभं राहायचं.

घारापुरी सगळ्यांना माहीत आहे, गेटवेहून तासभराची बोट, १९८७ पासून जागतिक वारसा, सोमवारी लेणी बंद. पहिली मोठी फेरी म्हणून चांगली आहे. लेणी बघून लगेच पळत खाली येऊ नका, बेटावर राजबंदर, शेतबंदर, मोराबंदर अशी तीन गावं आहेत, माणसं राहतात, आणि त्यांच्याकडे वीज पोचली ती २०१८ मध्ये, समुद्राखालून केबल टाकून. मुंबईचे दिवे रोज समोर दिसत असताना. बेलापूरच्या जेट्टीवरूनही २०२२ च्या फेब्रुवारीत वॉटर टॅक्सी सुरू झाली होती, पण ती सेवा बंद-चालू होत असते, त्यामुळे आधी खात्री केल्याशिवाय पाहुण्यांना घेऊन तिथे जाऊ नका.

हिवाळ्यात गेटवेच्या बोटींमागे कुरव येतात, सीगल म्हणतात ते, आणि लोक त्यांना गाठ्या, वेफर्स टाकतात. नका टाकू. तेलकट, खारट, मसाल्याचं पोटात गेलं की तो पक्षी मासे पकडायचा सोडून बोटीमागे लागतो आणि आजारी पडतो. मुलांना आधीच सांगून ठेवा कारण बोटीवर पुडी विकायला येते तेव्हा नाही म्हणणं जड जातं.

पावसाळ्यात, जून ते ऑगस्ट, गेटवेच्या फेऱ्यांचा विचार सोडा. तेव्हा मच्छीमारही बंदी पाळतात, १ जून ते ३१ जुलै. नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण करून ते परत पाण्यात उतरतात, ज्यांचं पोट त्या समुद्रावर आहे ते थांबतात तर आपण मजेसाठी जाणाऱ्यांनी थांबायला काय हरकत आहे.

बोट लागत असेल तर

ज्यांना एसटी लागते त्यांना बहुतेक बोटही लागते. उपाशी जायचं नाही आणि मिसळ खाऊनही नाही, दोन इडल्या नाहीतर भाकरी-चटणी असं हलकं. बसायचं बोटीच्या मध्यावर, जरा मागे, जिथे डुलणं कमी, पुढच्या टोकाला नाही आणि डिझेलच्या धुराच्या वाटेत तर नाहीच. मोबाईल बॅगेत. नजर लांब, जिथे पाणी आणि आकाश मिळतं तिथे, किंवा किनाऱ्यावरच्या एका ठरलेल्या खुणेवर. आलेपाकाची वडी तोंडात ठेवा, आमच्या आईचा सगळा भरवसा त्याच्यावर आहे आणि करंजा-रेवसला तरी तो खरा ठरला. गोळी घ्यायची असेल तर डॉक्टरला विचारून, बोटीत बसायच्या आधी, मळमळ सुरू झाल्यावर घेऊन उपयोग होत नाही. आणि उलटी आलीच तर वारा ज्या दिशेला जातोय त्या बाजूला जा, बसून, कोणीतरी मागून जॅकेट धरून. लाँचमध्ये बाथरूम नसतं, ते धक्क्यावरच उरकून चढा, मुलांना तर जबरदस्तीने.

स्वतः वल्हं हातात घ्यायचं असेल

हे सगळं दोन-तीनदा झालं की काही जणांना नुसतं बसून चैन पडत नाही. कायाक शिकायची तर बंद पाण्यावर आणि शिकवणारा बरोबर असताना. पहिल्या दिवशी पुढे जायला शिकायच्या आधी उलटायला शिका, म्हणजे काठाजवळ कमरेएवढ्या पाण्यात मुद्दाम कायाक उलटी करायची आणि बाहेर यायचं, तीन वेळा. चौथ्यांदा भीती बरीच गेलेली असते. उलटलात तर बोट सोडायची नाही, ती तरंगते आणि लांबून दिसते, तिला धरून राहायचं. खाडीत मनानेच कायाक टाकू नका, कितीही शांत दिसली तरी, ओहोटीचा प्रवाह तुमच्या हातांपेक्षा दमदार असतो आणि काठावर चिखल इतका खोल की उतरून चालत येता येत नाही.

राफ्टिंग हवं असेल तर कोलाडची कुंडलिका, ठाण्याहून पहाटे निघायचं. ते पाणी पावसाचं नसून भिऱ्याच्या वीज प्रकल्पाचं, १९२७ पासूनचा तो प्रकल्प, वीज तयार करून झाली की सकाळी पाणी नदीत सोडतात आणि त्या पाण्यावर राफ्ट चालतात. म्हणून उशिरा पोचलात तर नदीतून पाणी निघून गेलेलं असतं. तिथे तिथी चालत नाही, भिऱ्याचं घड्याळ चालतं.

घरी आल्यावर फ्लोटर्स, टोपी, बॅगेच्या चेन साध्या पाण्याने लगेच धुवा, खारं पाणी रात्रभर राहिलं की चेन अडकते. चिखल मात्र ओला असतानाच ब्रशने काढू नका, पसरतो, आधी सुकू द्या आणि मग झटका.